बोटावरचे ९८

२०२१च्या मे महिन्याने गोव्याला एक सवय लावली. दम लागला, चक्कर आली, नुसती झोप लागली नाही, तरी माणूस आधी ऑक्सिमीटर शोधतो. देवघराच्या फळीवर, फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात, दुकानाच्या गल्ल्यात कुठेतरी तो असतोच. बोट आत घालायचं, लाल उजेड दिसतो, आकडा येतो. ९८ आला की घर निवांत. त्या महिन्यात ज्यांनी आपल्या माणसाचा आकडा ९०, ८०, ७० असा उतरताना पाहिला, त्यांना या आकड्याची किंमत मी सांगायला नको.

मी भूलतज्ज्ञ. पण ऑपरेशन थिएटरपेक्षा आयसीयूतच जास्त असते, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत डोक्याला मार लागलेले पुष्कळ. पूर्वी नातेवाईक विचारायचे, वाचेल ना? शुद्धीवर कधी येईल? आता पहिला प्रश्न असतो ऑक्सिजन किती. प्रश्न रास्त आहे, नेमका आहे. अडचण आमची आहे, कारण आम्ही जो आकडा सांगतो तो त्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

हे मला सत्तरीतल्या एका काजूबागाईतदाराने ऐकवलं. त्यांचा मुलगा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. रात्रपाळी संपवून स्कूटरने घरी निघाला आणि वाटेत पडला. हेल्मेट होतं, डिकीत. वडील तीन वेळा भेटीच्या वेळेत आत आले, तिन्ही वेळा मॉनिटरकडे बघून बाहेर गेले. चौथ्या वेळी मला थांबवून म्हणाले, "डॉक्टर, काल ९८ होतं, आज ९९ आहे. मग पोर डोळे का उघडत नाही?"

मी म्हटलं, "काका, ते बोटाचं आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि डोक्याचं?"

डोक्याचं आमच्याकडे नव्हतं. आजही नाही.

ऑक्सिमीटरला मी कमी लेखत नाही. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली त्यामागची कल्पना मांडली, तिच्याएवढे प्राण वाचवणारी यंत्रं फार थोडी असतील. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे, ठोक्यागणिक जे रक्त येतं ते कुठला प्रकाश किती शोषतं ते बघायचं, आणि त्यावरून हिमोग्लोबिनचा किती हिस्सा ऑक्सिजनने भरलेला आहे हे काढायचं. आओयागी २०२०च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे सगळं जग त्यांचं यंत्र विकत घ्यायला धावत सुटलं होतं तेव्हाच. पण ते यंत्र सांगतं एवढंच, की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे ते सांगत नाही. रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन १५ वरून ७ वर आलं तरी बोटावर ९८च दिसणार, प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन निम्म्यावर आलेला असेल. ते रक्त मेंदूपर्यंत पोचतंय का, हे सांगत नाही. पोचलं तर तिथल्या पेशींच्या हाती काही लागतंय का, हे तर नाहीच नाही.

आणि मेंदूची भूक अशी की उधारी चालत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्के घेतो. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याला लागतं. साठा म्हणावा असा काही नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते.

त्यातून तो हाडाच्या बंद पेटीत. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि लीथ बंदरातले डॉक्टर जॉर्ज केली यांनी १८२४ साली जे मांडलं, त्याच्यावर आमचं निम्मं शास्त्र आजही उभं आहे. कवटीत मेंदू, रक्त आणि पाणी अशा तीन गोष्टी, एकूण जागा ठरलेली. एक वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. मार लागून मेंदू सुजला की आधी पाणी सरकतं, मग शिरांमधलं रक्त सरकतं, आणि मग सरकायला काही उरत नाही. तिथून पुढे दाब झपाट्याने चढतो. हृदय रक्त ज्या दाबाने वर ढकलतं त्यातून कवटीतला दाब वजा करायचा. जे उरेल त्यावर मेंदूला रक्त मिळतं. सरासरी रक्तदाब ८५ आणि कवटीतला दाब १२ असेल तर उरले ७३, उत्तम. तोच कवटीतला दाब ३० झाला की ५५, म्हणजे ओढाताण. त्यात रक्तदाब ७० वर घसरला की ४०. या सगळ्या वजाबाकीत बोटावरचा आकडा जागचा हललेला नसतो. ते ९८ खरंच असतात, बोटात.

शिकत असताना मी गोव्याबाहेर एका मोठ्या शहरातल्या न्यूरो आयसीयूत होते. तिथे 'डोक्याचा आकडा' पाहिला. कपाळाच्या वर, केस जिथे सुरू होतात त्याच्या थोडं मागे, कवटीला बारीक छिद्र पाडून एक बोल्ट बसवतात आणि त्यातून मिलिमीटरहूनही बारीक तार मेंदूत दोन-तीन सेंटिमीटर आत सोडतात, पांढऱ्या भागात. शेजारीच दुसरी तार, दाब मोजणारी. पट्ट्या, चिकटपट्ट्या, केबल. तिथल्या सिस्टर रोग्याला कुशीवर वळवताना एक हात त्या तारेवर ठेवूनच वळवायच्या. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ९०-१०० मिलिमीटर पारा असतो; मेंदूच्या पेशींपर्यंत जाईतो तो २५ ते ३५ वर येतो. इतकाच. २०च्या खाली गेला की हालचाल करायची, १५ आणि १०च्या खाली तो बराच काळ राहिला तर पुढचं चित्र वाईट.

पहिल्या तासाभरात त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तार आत जाताना आजूबाजूला थोडा धक्का बसतोच, तो निवू द्यावा लागतो. मग परीक्षा. व्हेंटिलेटरवर काही मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि आकडा वर जातो का ते बघायचं. नाही गेला तर तार चुकीच्या जागी आहे, बिघडलेली आहे, किंवा तिथे रक्तच पोचत नाही. तिसरी शक्यता कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

या तारेच्या टोकाशी जे आहे त्याचं मूळ लेलंड क्लार्क या अमेरिकी संशोधकाकडे जातं. १९५०च्या दशकात त्याने प्लॅटिनमच्या तारेवर प्लास्टिकचा पातळ पडदा चढवला. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, तारेवर त्याची रासायनिक क्रिया होते, विजेचा अगदी क्षीण प्रवाह वाहतो, आणि तो मोजला की ऑक्सिजन मोजला. याच क्लार्कने १९६२ साली त्यावर साखरेशी क्रिया करणारं विकर (एन्झाइम) बसवलं आणि रक्तातली साखर मोजायची वाट दाखवली. आपल्याकडे घरोघरी असलेला ग्लुकोमीटर त्याच वंशातला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे क्लार्कचे ऋणी आपण इतरांपेक्षा जरा अधिकच. हे विषयांतर झालं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून.

त्या न्यूरो आयसीयूतली एक रात्र माझ्या पक्की लक्षात आहे. तरुण मुलगा, अपघात होऊन दुसरा दिवस. कवटीतला दाब १४, म्हणजे छान. रक्तदाब छान. बोटावर १००. आणि मेंदूतला ऑक्सिजन संध्याकाळी २४ असलेला, हळूहळू १३ वर आला. माझ्या हाताशी जे जे होतं ते सगळं 'उत्तम' म्हणत होतं आणि ही एक तार एकटीच वेगळं बोलत होती. अशा वेळी मन पहिल्यांदा तारेलाच खोटं पाडतं. परीक्षा केली, १०० टक्के ऑक्सिजनवर आकडा चढला. तार खरं बोलत होती.

वरिष्ठ आले. तारेकडे, दाबाकडे त्यांनी पाहिलंही नाही. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा आकडा बघितला. २८. दुपारी त्या मुलाला सीटी स्कॅनसाठी खाली नेलं होतं, परत आल्यावर व्हेंटिलेटरचे श्वास थोडे जास्त ठेवले गेले होते, एवढंच. श्वास जास्त म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी, आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. पाऱ्याच्या एकेका मिलिमीटरमागे रक्तपुरवठा सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. ४० वरून २८ म्हणजे तिसरा हिस्सा रक्त गेलं. वाहिन्या आक्रसल्या म्हणून कवटीत जागा झाली, म्हणून दाब १४. आम्ही ज्या १४ वर खूश होतो तो १४ मेंदूला उपाशी ठेवूनच मिळालेला होता. श्वास कमी केले. कार्बन डायऑक्साइड ३६ झाला, दाब १७ झाला, आणि मेंदूचा आकडा २३.

यात चूक कोणाची हे शोधण्यात अर्थ नव्हता. कितीतरी वर्षं जगभर हेच मुद्दाम करत होते. डोक्याला मार लागला की जोरजोरात श्वास द्या, दाब उतरतो. दाब उतरायचाच. १९९१ साली एका अभ्यासात असे श्वास सरसकट दिलेल्या रोग्यांची तीन आणि सहा महिन्यांनंतरची अवस्था इतरांपेक्षा वाईट निघाली, तेव्हा लोक सावध झाले. मला ते पुस्तकात वाचून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण २४चे १३ होताना पाहिल्यावर जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं.

एरवी तो आकडा घसरण्याची कारणं इतकी की तार कधीच कारण सांगत नाही, फक्त तक्रार करते. ताप चढला, तर पेशींची मागणी वाढते. आत आकडी चालू आहे आणि औषधांमुळे अंगाला झटके नाहीत, तर तेच. रक्त कमी पडलं. फुप्फुसात कफ साठला. रक्तदाब उतरला. दाब चढला. म्हणून २०२०च्या सुमारास तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने कोष्टक मांडलं. एका बाजूला कवटीतला दाब, रेघ २२ ची. दुसऱ्या बाजूला मेंदूतला ऑक्सिजन, रेघ २० ची. दोन्ही ठीक, एकच बिघडलेलं, दुसरंच बिघडलेलं, दोन्ही बिघडलेली. चार घरं, आणि प्रत्येक घरासाठी काय करायचं त्याच्या पायऱ्या. कोष्टक चांगलं आहे. पण ते वापरणाराला रात्री तीन वाजता रोग्याच्या पायथ्याशी जाऊन उभं राहावं लागतं, ते काही कोष्टकात लिहिलेलं नाही.

तारेची मर्यादा दुसरीही आहे. ती मोजते फक्त काही घन मिलिमीटर. टोकाभोवतीचं तेवढंच. तार जखमेच्या कडेला घातली तर आकडा जखमेचा, शाबूत भागात घातली तर शाबूत भागाचा. वाळपईच्या पर्जन्यमापकावरून मडगावचा पाऊस सांगायचा तसा प्रकार. आषाढात बऱ्याचदा जमेलही, पण ऑक्टोबरातल्या वळवात फसगत ठरलेली. तार कुठे घालावी यावर न्यूरोसर्जन मंडळींचे वाद मी ऐकले आहेत, आणि दोन्ही बाजू पटतात.

मग या तारेने माणसं वाचतात का? इथे मला जरा सावकाश लिहावं लागेल, कारण हा प्रश्न मला पैशांत विचारला जातो. तार महाग, एकदाच वापरायची. "घालून काही उपयोग होईल का?" असं विचारणाऱ्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुठल्या पतसंस्थेत जाणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत असतं.

अमेरिकेत बूस्ट-२ नावाची चाचणी झाली, २०१७ साली निष्कर्ष आले. ११९ रोगी. एका गटात फक्त दाब बघून उपचार, दुसऱ्यात दाब आणि ऑक्सिजन दोन्ही बघून. फक्त दाब बघितलेल्या गटात मेंदू ४५ टक्के वेळ ऑक्सिजनच्या रेघेखाली होता, दुसऱ्या गटात १६ टक्के. मृत्यू कमी होण्याकडे कल दिसला, पण खात्रीने सांगावं एवढे रोगी चाचणीत नव्हते. आशा वाढली. मग फ्रान्समधल्या २५ केंद्रांत मिळून ऑक्सी-टीसी चाचणी झाली, ३१८ रोगी, २०२३ साली निष्कर्ष. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. वर तारेमुळे मेंदूत रक्त साकळण्याचे प्रकार ऑक्सिजनवाल्या गटात अधिक. त्याच्याही आधी, २०१२ साली, बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रोग्यांवर दाबाच्या तारेचीच परीक्षा घेतली गेली होती: तार घालून केलेले उपचार आणि तार न घालता, वरचेवर तपासून व सीटी स्कॅन बघून केलेले उपचार. तिथेही फरक निघाला नव्हता. बूस्ट-३ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली बोनान्झा या त्याहून मोठ्या चाचण्या आखल्या गेल्या त्या याच पार्श्वभूमीवर.

माझं मत विचाराल तर ऑक्सी-टीसीने मी निराश झाले नाही, उलट थोडी सावध झाले. या क्षेत्रात 'असं केलं तर बरं होणारच' या तर्काने बळी घेतलेले आहेत. सूज आहे ना, मग स्टेरॉइड द्या, असं वर्षानुवर्षं चाललं. दहा हजारांवर रोग्यांच्या क्रॅश चाचणीने २००४ साली दाखवून दिलं की स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त. तेव्हापासून मला 'होणारच' या शब्दाची भीती वाटते. त्या बाईला मी सांगते की हे यंत्र आहे, ते इथे नाही, ते घालून तुमचा माणूस नक्की वाचेल असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि ते नसल्यामुळे आम्ही हात बांधून बसलेलो नाही. चौथं वाक्य ऐकेपर्यंत तिचं लक्ष बहुतेक वेळा उडालेलं असतं.

चाचण्यांतल्या 'सहा महिन्यांनी' या शब्दांपाशी मला थांबायचं आहे. त्या वेळी मोजतात ते काय? ग्लासगोच्या डॉक्टरांनी ती मोजपट्टी दिली. बेशुद्धी मोजण्याची पट्टी १९७४ साली, आणि माणूस कितपत परत आला ते मोजण्याची १९७५ साली. नंतर ती आठ पायऱ्यांची झाली. प्रश्न साधे आहेत. घरात एकटा राहू शकतो का? बाजारात जाऊन आणू शकतो का? गावातल्या गावात प्रवास करतो का? पूर्वीचं काम करतो का? घरातल्यांशी भांडणं वाढलीत का?

त्या काजूवाल्या काकांचा मुलगा वाचला. सहा महिन्यांनी तपासायला आला तेव्हा मी ते प्रश्न विचारले. बाजारात जातो. साखळीला एकटा बसने जाऊन येतो. सुट्टे पैसे मोजताना गोंधळतो, तर दुकानदार ओळखीचा आहे, तो मोजून देतो. कारखान्यात परत गेला होता, आवाजाने डोकं भणभणायला लागलं म्हणून सोडलं. आता बागेत वडिलांबरोबर. चिडतो का? आई म्हणाली, "पूर्वी चिडायचाच नाही, म्हणून आता कळतं." शिगम्यात तो घुमट वाजवायचा. यंदा बाहेर अंगणात खुर्ची टाकून लांबून ऐकलं. मी त्याला पाचव्या पायरीवर टाकावं की सहाव्या, यावर अडले. चाचणीत असता तर एका पायरीवर तो 'चांगला परिणाम' आणि दुसऱ्या पायरीवरही, कारण सीमारेषा त्याच्याही खाली. आई मात्र एका वाक्यात त्याला तिसरीकडेच ठेवून मोकळी झाली होती.

तारेशिवाय काय करतो, तर बरंच काही. डोकं तीस अंश वर. मान सरळ. हे ऐकायला क्षुल्लक आहे, पण मानेचा पट्टा किंवा श्वासाची नळी बांधलेली फीत घट्ट झाली की मानेतल्या शिरा दबतात, मेंदूतलं रक्त उतरत नाही आणि दाब चढतो. आमच्या पेडण्याच्या एक सिस्टर पाळी सुरू झाली की सगळ्यांत आधी त्या फितीखाली बोट घालून बघतात. दर तासाला बुबुळं. डोळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून दृष्टिचेतेचं आवरण किती फुगलंय ते बघायचं. गरज पडली तर मानेतल्या शिरेत वर नळी सरकवून मेंदूतून परतणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन उरला ते मोजायचं. ५५ ते ७५ टक्के उरलेला असावा. फार कमी उरला म्हणजे मेंदू ओरबाडून घेतोय. ताप येऊ द्यायचा नाही. आणि कार्बन डायऑक्साइड, माझा जुना दुखरा मुद्दा, सीटीहून परत आलेला प्रत्येक रोगी मी त्या आकड्याने सुरू करते.

राउंडच्या वेळी मी निवासी डॉक्टरांना एक प्रश्न विचारते, आणि त्यांना तो आवडत नाही. "आत्ता इथे तार असती तर आकडा काय असता?" सुरुवातीला अंदाजपंचे उत्तरं येतात. मी म्हणते, आकडा नको, बाजू सांग. वर की खाली, आणि का. मग तो हिमोग्लोबिन बघतो, तापाचा तक्ता बघतो, रात्री रक्तदाब कितीदा घसरला ते उलट चाळतो. माझ्यापुरता त्या तारेचा सगळ्यांत मोठा उपयोग ती नसतानाच झालाय. एकदा पाहिल्यावर बोटावरचे ९८ पुन्हा कधी तेवढे भरवशाचे वाटले नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मेंदूचा तो आकडा आयसीयूत येण्याआधीच ठरून गेलेला असतो. १९९३ साली अमेरिकेतल्या ७१७ गंभीर रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की ज्यांचा वरचा रक्तदाब एकदाही ९०च्या खाली गेला होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दीडशे टक्क्यांनी जास्त होतं. तो 'एकदा' कुठे घडतो? चोर्ल्याच्या घाटात, उसगावच्या वळणावर, रात्री उशिरा बेतुलच्या रस्त्यावर. बेशुद्ध माणूस उताणा पडलेला, जीभ मागे गेलेली, घशात रक्त, आणि भोवती जमलेली भली माणसं त्याच्या तोंडात पाणी ओतताहेत. पाणी पाजू नका. मान न मुरडता जबडा पुढे उचलून धरा, श्वासाचा घरघर आवाज थांबतो का बघा, रक्त वाहत असेल तिथे दाबून धरा, १०८ ला फोन करा. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू अशी भीती अजून लोकांच्या मनात आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

हेल्मेटवर मी बोलणार नव्हते, कारण गोव्यात तो विषय काढला की लोक माझ्याकडे वाहतूक पोलिसासारखं बघतात. हायवेवर सगळे घालतात. आतल्या रस्त्यावर ते आरशाला लटकतं किंवा कोपरात. "हांगाच वचपाचें", इथेच तर जायचंय, म्हणून. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला निघालेल्यांत तर डोकी उघडी आणि हात भरलेले. आमच्याकडे येणारे बहुतेक जण 'इथेच' निघालेले असतात.

मध्यंतरी व्यवस्थापनाने विचारलं, न्यूरोच्या खाटांसाठी काय हवं ते क्रमाने लिहून द्या. त्यांना वाटलं असावं की मी पहिल्या ओळीत ती तार मागेन, कारण मी तिच्याबद्दल फार बोलते. मी पहिल्या ओळीत रात्रपाळीला दर खाटेमागे एक सिस्टर मागितली. दुसऱ्या ओळीत आयसीयूच्या आतच रक्तातले वायू मोजायचं यंत्र, म्हणजे नमुना घेऊन वॉर्डबॉयला तळमजल्यावर पळवायला नको. तिसऱ्या ओळीत दाबाची तार. ऑक्सिजनची चौथ्या. एका सहकाऱ्याला हा क्रम अजिबात पटला नाही. तो म्हणाला, सिस्टर तीन महिन्यांनी आखाती देशात निघून जाते, यंत्र राहतं. त्याचंही खरं आहे. मी क्रम बदलला नाही.